गेट नंबर सातचा पंचनामा

तक्रार करण्यात माझा हात धरील असा माणूस शिरूर तालुक्यात अजून जन्मायचाय! फुशारकी वाटेल तुम्हाला, पण खरं तेच सांगतो. रांजणगावच्या एका कंपनीत मी स्टोअरला आहे. माल कमी आला, खोकं दबलं, बिलात गोम निघाली, की साहेबांची एकच हाक येते, "महेंद्र, जरा लिहा बरं यांना!" मी लिहितो आणि ते वाचून सप्लायर लोकांना जेवण जात नाही. वॉरंटी संपल्यावर मिक्सर बदलून घेतलाय मी! एकदा सलूनवाल्याकडून अर्धे पैसे परत आणलेत, कारण त्यानं अर्धीच मिशी बरोबर कापली होती.

तर अशा माणसाच्या घरात आनंदाची बातमी आली. माझी मेव्हणी प्राची नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती. तिला गोल्ड मेडल जाहीर झालं! निमोण्याला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, फोन गेला तेव्हा माझ्या सासूबाई कांदा खुरपत होत्या. त्यांचं नाव सोजरबाई, मी त्यांना मामी म्हणतो. मामींनी खुरपं खाली ठेवलं, बांधावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून उठल्या आणि राहिलेला वाफा पुरा केला.

प्राचीनं त्यांना एकच गोष्ट मागितली होती. "आई, स्टेजवर माझं नाव पुकारतील तवा तू मला समोर दिसली पायजेस. बाकी मला काय बी नको."

"दिसंल की! मी न्हाई दिसणार तर कोन दिसंल?" मामी म्हणाल्या होत्या.

आता मामी म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. शिकल्या चौथीपर्यंत, पण ग्रामपंचायतीत दोनदा मेंबर. गारपीट होवो, अवकाळी येवो, शेताच्या नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी गावात आला, की पहिला पंच म्हणून मामींची सही. त्यांचा एक नियम सगळ्या निमोण्याला पाठ आहे. पंचनामा होईपर्यंत जागची काडी हलवायची नाही! एका वर्षी शेजारच्या हरिबानं गारपिटीत झोडपलेला कांदा घाईघाईनं गोळा करून शेत साफ केलं. तलाठी आला, बघतो तर शेत आरशासारखं स्वच्छ. त्यानं लिहिलं, 'नुकसान आढळून आले नाही.' हरिबा अजून त्या तलाठ्याच्या नावानं बोटं मोडतो.

नागपूरला जायची खरं तर सोय झाली होती. दौंडवरून रात्रीच्या गाडीची तिकिटं कन्फर्म. दौंडला जायचं, बर्थवर ताणून द्यायची, सकाळी नागपूर. पण सरळ रस्त्यानं गेलो तर तो मी कसला! म्हटलं, मामींनी आजवर विमान बघितलं ते वाफ्यातून मान वर करून. आता विमानातनं वाफे बघू द्या की! रेल्वेची तिकिटं मीच रद्द केली आणि विमानाची काढली. मामी आणि तेजश्री, म्हणजे माझी बायको, एका तिकिटावर. माझी रजा नंतर मंजूर झाली, म्हणून माझं तिकीट वेगळं. आबा, म्हणजे सासरे, म्हशीसाठी घरी राहिले. ती म्हैस त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही.

मामींना शंका आली. "पाव्हणं, आन् ऐन टायमाला त्ये इमान रद्द झालं तर वो?"

"होऊ द्या की! उलट आपलाच फायदा. कंपनीला भरपाई द्यावी लागते. सगळे नियम वाचून ठेवलेत मी!"

'भरपाई' म्हटल्यावर मामींनी कान टवकारले. "व्हय? मंग तिथं पंचनामा कोन करतं?"

मी खो खो हसलो. हसायला नको होतं.

पदवीदान दुपारी चारला. आम्ही उजाडायच्या आधीच पुण्याच्या विमानतळावर हजर. तपासणीत मामींचा अडकित्ता काढून घेतला. "ठिव बाबा, पर दगडाबिगडावर घालू नगंस, धार गेली तर सुपारीचा भुगा व्हतो," असं त्या माणसाला बजावून मामी पुढं आल्या. नऊवारी कडक, डोक्यावर पदर, हातात प्राचीसाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. गेट नंबर सातसमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि काचेतून आमचं विमान बघत म्हणाल्या, "लई मोठं हाय गं बया. याला डिझेल किती लागत आसंल?"

तेवढ्यात बोर्डावरची अक्षरं फडफडली आणि आमच्या विमानापुढं लाल अक्षरात आलं, कॅन्सल!

झाला की गोंधळ! माणसं काउंटरकडं धावली. काउंटरवर एक बारीक चणीची पोरगी, छातीवर नावाची पट्टी, सुलक्षणा. ती सगळ्यांना एकच वाक्य सांगत होती, "सर, ऑपरेशनल रीझनमुळे फ्लाइट रद्द आहे. प्लीज सगळ्यांनी सामान घेऊन बाहेरच्या काउंटरला जा. सिस्टीम अपडेट होईपर्यंत थोडा वेळ द्या."

थोडा वेळ? मला? खोटं कशाला बोलू, क्षणभर आनंदच झाला मला! आयुष्यभराचा रियाज ज्या दिवसासाठी केला तो दिवस उजाडला होता. मोबाईल काढला, बाह्या सारल्या आणि तेजश्रीला म्हटलं, "बघच तू आता! नमुना म्हणून आधी माझ्या तिकिटाची भरपाई काढतो, मग तुमची."

तेजश्री म्हणाली, "अहो, ती बाई थांबा म्हणतेय ना! आधी दुसरं विमान बघा. चारला पोचायचंय."

"तुला त्यातलं काय कळतं?"

ॲपमध्ये एक बटण होतं, पैसे परत मिळवा. वा! दाबलं. फोननं विचारलं, आधी चेक-इन रद्द करावं लागेल, करू? कर! तुम्हाला नक्की तिकीट रद्द करायचंय? हो! खात्री आहे? अरे, आहे म्हणतोय ना! दाबलं. टुण्‌ करून आवाज आला. काम फत्ते! मी मान वर केली आणि मला घाम फुटला.

कारण मामी खुर्चीवर उभ्या राहिल्या होत्या!

"ये, कुनी जागचं हलू नका! ब्यागा खाली ठिवा! पंचनामा झाल्याबिगर ह्यातलं येक मानूस बाहेर गेलं, तर नुकसान आढळलं न्हाई म्हनून लिव्हत्यात ह्ये लोक! आमच्या हरिबाचं तसंच झालंय!"

हरिबा कोण, ते गेटवर कुणालाच माहीत नव्हतं. पण आवाज असा की बॅगा उचललेली माणसं बॅगा घेऊन तशीच थबकली. नागपूरचे एक टकलू काका पटकन खाली बसले आणि म्हणाले, "बराबर बोलून राह्यली ना माय! आपण नाई उठत बाप्पा!" ते बसले तशी त्यांची बायको बसली. ती बसली तशी बाकीची माणसंही बसली. मिनिटाभरात गेट नंबर सातला ग्रामसभा भरली.

मी मामींचा पदर ओढला. "मामी, खाली उतरा. इथं तसं नसतं."

"मंग कसं आसतं?"

"मी केलंय ना ऑनलाइन."

"तुमचं तुमी करा. तेजू, कागूद काढ. लिही." मामी खाली उतरून सरळ सुलक्षणासमोर गेल्या. "पोरी, गट नंबर काय?"

"गेट नंबर? सात, आजी."

"गट नंबर सात. लिही तेजू. आता चतुःसीमा. पूर्वेला काय हाय?"

सुलक्षणा गडबडली. "पूर्वेला? चहाचं दुकान आहे."

"पूर्वेस चहाचं दुकान. पश्चिमेस?"

"टॉयलेट."

"पश्चिमेस मुतारी. उत्तरेस काच. दक्षिणेस ह्यो बापडा वेफर इकतोय. बरं, नुकसान किती टक्के?"

"टक्के म्हणजे?"

"अगं, तेहतीस टक्क्याच्या वर गेल्याबिगर भरपाई बसत न्हाई! इमान अर्धं रद्द झालंय का पुरं?"

"पूर्ण, आजी."

"शंभर टक्के, लिही! आता समद्यांनी रांगंत या. नाव सांगा, नुकसान सांगा. रडारड करायची न्हाई, आन् फुगवून सांगायचं न्हाई."

तुम्हाला सांगतो, कंपनीच्या काउंटरपुढची रांग मोडली आणि मामींच्या पुढं लागली! टकलू काकांच्या नातीचं बारसं होतं. एका पोराचा नोकरीचा इंटरव्ह्यू होता, तो मामींच्या पुढं असा उभा राहिला जसा काही इंटरव्ह्यू इथंच आहे. एक सूटवाला आला, "माझी बिझनेस मीटिंग आहे."

"ती फोनवर व्हती का?"

"हो, तशी होते."

"मंग तुमचं धा टक्के. सरका."

शेजारच्या गेटवर दिल्लीचं विमान लेट होतं, तिथलीही माणसं येऊन रांगेत घुसली. त्यांना मामींनी हाकललं, "तुमचा गट येगळा हाय!" आणि शेवटी रांग संपल्यावर सुलक्षणा स्वतःच हळूच काउंटरवरून वाकली आणि म्हणाली, "आजी, माझं पण लिहा ना. दोन आठवड्यांत एक सुट्टी मिळालेली नाही मला."

"लिही गं तेजू हिचं. लेकरू उभ्यानं वाळाय लागलंय."

मी आपला बाजूला उभा. इंग्रजीतले नियम तोंडपाठ असलेला मी! माझ्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. खरं सांगतो, थोडा राग येत होता, पण त्याहून जास्त कौतुक वाटत होतं. ही बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानतळावर आलेली, आणि तिथं असा कारभार करत होती जसा काही निमोण्याच्या पारावर बसून करतेय.

आता इथवर सगळं ठीक होतं. पण गर्दी बघून बंदूकवाला एक जवान आला. उत्तरेकडचा, उंचपुरा. "माताजी, ये भीड़ किस बात की है?"

मामींनी आपली हिंदी बाहेर काढली. "भाऊ, पंचनामा चालू है!"

जवान दचकला. त्या बिचाऱ्याच्या नोकरीत पंचनाम्याचा अर्थ एकच, कुणीतरी मेलं. "पंचनामा? किसका?"

"इमान का! सकाळी सकाळी खलास! हमारे सामने!"

"ईमान?" त्याचा चेहरा उतरला. "कितनी उमर थी?"

मामींनी काचेतून विमानाकडं बघितलं. "नवंच दिसता है. चार-पाच साल का आसंल."

जवानानं डोक्यावरची टोपी काढली! मी "भैया, भैया" करत पुढं होतो, तोवर तो वॉकीटॉकीवर ओरडत पळाला, "गेट नंबर सात! बच्चा है! नाम ईमान!"

पुढची दहा मिनिटं काय झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते. डॉक्टर धावत आला. मागून स्ट्रेचर. स्ट्रेचरमागं चार जवान. माणसं बाजूला सारत डॉक्टर ओरडला, "पेशंट कुठंय? ईमान कुठंय?"

सुलक्षणा मटकन खाली बसली. टकलू काकांनी शांतपणे काचेकडं बोट केलं. "थे पाहा बाप्पा, बाहीर उभं हाये. पण तुमचं स्ट्रेचर पुरत नाई त्याले!"

आणि या सगळ्या तमाशात, टाय खांद्यावर गेलेला, बुटाची नाडी सुटलेला, विमान कंपनीचा मोठा मॅनेजर पळत आला. जो माणूस हजार फोन करून भेटला नसता, तो स्वतःच्या पायांनी मामींच्या पुढं येऊन उभा राहिला!

"काय चाललंय हे? कोण मेलं?" तो धापा टाकत म्हणाला.

"कुनी मेलं न्हाई, सायेब. बरं झालं आलात. ह्यावर सरकारी सही पायजे," मामींनी कागद पुढं केला.

मॅनेजर लाल झाला. "आजी, हा एअरपोर्ट आहे! इथं असे पंचनामे चालत नाहीत. संध्याकाळच्या विमानात सगळ्यांची सोय करतो. तोवर सगळ्यांना उपमा देतो, पाणी देतो."

"संध्याकाळी?" मामी म्हणाल्या. "सायेब, पीक आज करपतंय आन् तुमी पाट उद्या सोडनार व्हय? काय उपेग त्याचा? त्यो कागूद वाचा तरी. पयलंच नाव वाचा."

मॅनेजरनं नाइलाजानं कागद घेतला. चतुःसीमेपाशी त्याचा चेहरा वाकडा झाला, मुतारीपाशी ओठ थरथरले, आणि मग तो पहिल्या नावावर आला. तेजश्रीनं आईच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलं होतं. तो मोठ्यानं वाचायला लागला. "सोजरबाई, राहणार निमोणे. नुकसान: पोरीला चार वाजता गोल्ड मेडल मिळणार. पोरगी समोर बघणार आन् तिची आई तिथं नसणार. टक्केवारी: शंभर."

त्याचा आवाज बसला. परत निघालेले स्ट्रेचरवालेसुद्धा ऐकायला थांबले.

"माझं भांडान पैशासाठी न्हाई, सायेब," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज सकाळपासून पहिल्यांदाच कापला. "आमच्या बाबासाहेबांनी शिका म्हनून सांगितलं. पोरगी शिकली. आता तिला शिकलेली बघायला मला तिथं न्या, येवढंच म्हननं हाय. ह्यात फुगवून काय सांगितलं आसंल तर सांगा."

तेजश्री कागदाआड तोंड लपवून रडत होती. मॅनेजरनं टाय खांद्यावरून खाली घेतला आणि फोन लावला. मग दुसरा लावला. दुसऱ्या एका कंपनीचं विमान थोड्या वेळानं नागपूरला निघणार होतं, त्यात मोजक्या जागा होत्या. प्रश्न आला, जागा कुणाला द्यायच्या? सुलक्षणा उठली, मामींचा कागद हातात घेतला आणि म्हणाली, "सर, यादी तयारच आहे. टक्केवारीसकट!"

एकेक नाव पुकारलं जायला लागलं. सोजरबाई! तेजश्री! टकलू काका आणि काकू! इंटरव्ह्यूवाला पोरगा! सूटवाला धा टक्क्यांमुळे संध्याकाळवर गेला, पण कुरकुरला नाही. मी ऐटीत कॉलर नीट केली आणि पुढं झालो.

"महेंद्र?" सुलक्षणानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग परत कॉम्प्युटरमध्ये. "सर, तुम्ही आमचे प्रवासी नाही आहात."

"म्हणजे?"

"तुमचं तिकीट तुम्ही स्वतःच रद्द केलंय. सिस्टीम अपडेट व्हायच्या आधी. स्वेच्छेनं."

तेजश्रीनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याची भरपाई जगातली कुठलीच कंपनी देऊ शकत नाही!

मामी मात्र थांबल्या. "आमचं जावई हायेत, सायेब. त्यान्ला सोडून कसं जायाचं?"

जागाच नव्हती. मॅनेजरनं हात जोडले. मी म्हटलं, "मामी, तुम्ही जा. प्राचीला तुम्ही दिसल्या पाहिजेत. मला बघून तिला काय मेडल जास्त मिळणार आहे?" आयुष्यात एवढं शहाणपणाचं वाक्य मी पहिल्यांदाच बोललो असेन. मामींनी डब्यातला एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला, पाठीवर थाप मारली आणि लुगड्याचा काठ सावरत विमानाकडं चालायला लागल्या. सगळं गेट टाळ्या वाजवत होतं! तो जवानसुद्धा. जाता जाता मामींनी त्याला विचारलंच, "भाऊ, मेरा अडकित्ता नीट संभाळा ना?"

मी उपम्याच्या रांगेत उभा राहिलो, तर उपमाही मिळाला नाही. तो फक्त प्रवाशांना होता. त्याच जवानानं मला अदबीनं दारापर्यंत सोडलं आणि बाहेर काढलं.

बाहेरच्या काउंटरवर दुपारपर्यंत फुकट हुज्जत घातली आणि मग शिरूरची एसटी पकडली. चारच्या सुमाराला वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना मोबाईलवर पदवीदान लावलं. प्राचीचं नाव पुकारलं. काळ्या झग्यातली आमची प्राची स्टेजवर आली, पण मेडल घ्यायच्या आधी थांबली आणि समोर बघायला लागली. कॅमेरा तिकडं वळला. पहिल्या ओळीत मामी! त्या उभ्या होत्या, दोन्ही हात वर करून. मागची माणसं बहुतेक खाली बसा म्हणत होती, पण मामी पंचनाम्याशिवाय जागच्या हलणाऱ्यातल्या नाहीत. प्राचीला आई दिसली आणि ती हसली. मग मेडल घेतलं.

मी गर्दीत उभ्या उभ्या हमसून रडलो. कंडक्टर घाबरला. "काय झालं वो? कुनी गेलं काय?"

"न्हाई हो! मेव्हणीला गोल्ड मेडल मिळालं!"

"मंग रडताय कशापायी? फुडं सरका!"

आठवड्याभरात मामींच्या खात्यात भरपाई जमा झाली. टकलू काकांना मिळाली. यादीतल्या सगळ्यांना मिळाली. सुलक्षणाचा फोन आला, तिला दोन दिवस सुट्टी मिळाली होती. मला कंपनीचा एक मेसेज आला. आपण स्वेच्छेने तिकीट रद्द केल्याबद्दल शुल्क कापून उरलेली रक्कम पाठवत आहोत. उरलेली रक्कम म्हणजे शिरूरहून निमोण्याला जायचं पेट्रोल!

माझ्यातला तक्रारवाला खडबडून जागा झाला. तेजश्रीला गाडीवर मागं बसवलं आणि तडक निमोण्याला गेलो. ओसरीवर मामी प्राचीचं मेडल गळ्यात घालून शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हटलं, "मामी, हा अन्याय आहे! माझाही पंचनामा करा!"

मामींनी मेसेज तेजश्रीकडून वाचून घेतला. शांतपणे शेंगेचं टरफल फुंकलं.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "उभं पीक आपल्याच हातानं कापलं, तर कोनचा तलाठी भरपाई देतो वो?"

आबा म्हशीला वैरण टाकता टाकता थांबले आणि पोट धरून हसले. तेजश्री तर आत पळाली. मामी उठल्या, घरातून नागपूरच्या संत्रा बर्फीचा पुडा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"ही घ्या तुमची भरपाई. खा गुमान."

बर्फी चांगली होती. दाढेला जरा चिकटत होती, पण मी तक्रार केली नाही.